परदेशातून आलेल्या नातवंडाचं पोट बिघडलं तर: पावसाळ्यातल्या मुंबईत कशाच्या आधी काय करायचं

अमेरिकेतल्या शाळा मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत सुटतात, ब्रिटनमधल्या जुलै सरता सरता. म्हणजे दादर-पार्ल्याला, मुलुंड-बोरिवलीला आजोळी मुलं पोचतात ती नेमकी पावसाळ्यात, मुंबईत गॅस्ट्रो, टायफॉइड आणि कावीळ डोकं वर काढते तेव्हा. मग दवाखान्यात दरवर्षी तेच दिसतं. मुलाला आधी जुलाब थांबवायचं औषध दिलेलं असतं, मग दूध-जेवण बंद, मग ग्लुकोजचं पाणी, आणि ओआरएस, म्हणजे पाण्यात कालवायची ग्लुकोज-क्षारांची पावडर, सगळ्यात शेवटी, तेही चुकीच्या प्रमाणात. हे सगळं मायेनेच होतं, पण क्रम उलटा होतो. जुलाबात मूल गळून जातं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. ते भरून काढणं बहुतेक वेळा घरी जमण्यासारखं असतं. त्यासाठी योग्य गोष्ट योग्य वेळी करावी लागते आणि तिची तयारी मूल विमानात बसण्याआधीच व्हावी लागते.

टप्पा १: तिकीट निघालं की (सहा ते आठ आठवडे आधी)

"आपण तर इथलेच, आपल्याला कसल्या प्रवासाच्या लशी?" लेक-जावई किंवा मुलगा-सून हे म्हणतात तिथे पहिली चूक होते. आई-बाप इथले असतील, मूल इथलं नाही. त्याच्या पोटाने इथले जंतू कधी पाहिलेले नाहीत. त्यात नातेवाइकांकडे येणारी कुटुंबं महिना-दीड महिना राहतात, घरोघरी जेवतात, गावालाही जाऊन येतात. अमेरिकेत आढळणारे टायफॉइडचे बहुतेक रुग्ण परदेशातून, मुख्यतः दक्षिण आशियातून परतलेले असतात, आणि त्यांत नातलगांना भेटायला गेलेल्यांची संख्या मोठी असते.

म्हणून फोनवर हे तीन प्रश्न विचाराच.

टायफॉइडची लस घेतली का? तिकडच्या नेहमीच्या वेळापत्रकात ती नसते, प्रवासासाठी मुद्दाम मागावी लागते. अमेरिकेत टोचून द्यायची लस दोन वर्षांपुढच्या मुलांनाच मिळते, तिचा असर ओसरतो आणि धोका असेल तर दोन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. तेव्हा "मागच्या वेळी घेतली होती" यावर थांबू नका, कधी घेतली ते विचारा. प्रवासाच्या निदान दोन आठवडे आधी ती व्हायला हवी. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर भारतात सहा महिन्यांपासून देता येणारी कॉन्जुगेट लस आहे. इथे उतरल्यावर ती देण्याबद्दल बालरोगतज्ज्ञांशी बोला, पण तिचा असर सुरू होईपर्यंतचे दोन आठवडे सगळी भिस्त पाण्यावर आणि हात धुण्यावर आहे हे लक्षात असू द्या.

हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ, तिच्या लशीचं काय? अमेरिकेत वर्ष पूर्ण झाल्यावर ती नेहमीच्या लशींसोबतच देतात. ब्रिटनमध्ये ती सरसकट देत नाहीत, त्यामुळे तिकडच्या मुलांची ती हमखास राहून गेलेली असते.

रोटाव्हायरसच्या, म्हणजे बाळांना जोराचे जुलाब करणाऱ्या व्हायरसच्या, लशीचे डोस पूर्ण आहेत का? हे अगदी तान्ह्या बाळांपुरतं आहे, कारण पहिला डोस वेळेत झाला नसेल तर ही लस नंतर सुरू करता येत नाही.

तपासा: लशींच्या नोंदीचा फोटो, मुलाचं ताजं वजन आणि औषधांची ॲलर्जी, या तीन गोष्टी आजी-आजोबांच्या फोनमध्ये आल्या का? रात्री दोन वाजता आई-बाबा लग्नाला पुण्यात असताना डॉक्टर नेमकं हेच विचारतात.

टप्पा २: उतरण्याच्या आठवडाभर आधी, घरातलं पाणी

महापालिका पाणी शुद्ध करून, क्लोरिन घालूनच सोडते. घोटाळा होतो तो पुढे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. नळ कोरडे असताना गळक्या पाइपात आजूबाजूचं घाण पाणी ओढलं जाऊ शकतं. त्यापुढे सोसायटीची जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची टाकी. म्हणून सेक्रेटरींना विचारा की टाक्या शेवटच्या कधी धुतल्या. घरच्या फिल्टरची कँडल किंवा काडतूस बदलायची तारीख उलटून गेली असेल तर सर्व्हिसवाल्याला आत्ताच बोलवा. गढूळ पाण्यावर यूव्हीचा दिवा नीट काम करत नाही, आणि पावसाळ्यात पाणी गढूळ येणारच.

शंका असेल तर उकळा. भांड्याच्या तळाशी बुडबुडे दिसले की गॅस बंद करणारे बरेच आहेत, तेवढं पुरत नाही. पाणी खळखळून उकळायला लागल्यावर एक पूर्ण मिनिट तसंच उकळू द्या, मग त्याच भांड्यात झाकून गार करा. ते तोटीच्या पिंपात भरा किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढा. येणारा-जाणारा तांब्या बुडवत राहिला तर उकळण्याचे कष्ट वाया.

इशारा: तोटीला बांधलेल्या फडक्याने कचरा अडतो, जंतू अडत नाहीत. तुरटीने पाणी नितळ दिसतं, निर्जंतुक होत नाही.

मुलाच्या तोंडात पाणी कुठून कुठून जातं याची एकदा घरभर फिरून यादी करा. पिण्याचं पाणी सांभाळलेलं असतं, पण दात घासायला बेसिनचा नळ असतो. अंघोळीला डोक्यावर तांब्या ओतला की मूल तोंड उघडून हसतं आणि घोटभर पाणी आत जातं. सिपरची वॉशरच्या खाचेत काळी पडलेली नळी कोणी उघडून धुतलेली नसते. फ्रीजमधला बर्फ कुठल्या पाण्याचा, ताकात कुठलं पाणी, हेही बघा. बाळ वरच्या दुधावर असेल तर पावडर कोमट पाण्यात कालवू नका. उकळलेलं पाणी चांगलं गरम, किमान ७० अंश असतानाच कालवा, मग बाटली गार पाण्यात धरून निववा.

टप्पा ३: औषधाचा डबा

डब्यात हवं ते असं: ओआरएसची पाकिटं, एक लिटरची खूण असलेली बाटली, ५ मिलीचा मापाचा चमचा किंवा बिनसुईची सिरिंज, थर्मामीटर आणि पॅरासिटामॉल. शिवाय एका कागदावर तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर आणि रात्री मुलांना बघणारं जवळचं रुग्णालय.

ओआरएस घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे का ते वाचा. टेट्रापॅकमधली गोड, फळांच्या चवीची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' हा शब्द वापरायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी शेल्फवर शेजारी ठेवलेलं खोकं उचलण्याची सवय जायला वेळ लागतो. खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, त्या पेयांमध्ये साखर त्याच्या कितीतरी पट. जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

इशारा: परदेशातून आणलेली तापाच्या औषधाची बाटली आणि इथली बाटली यांची गल्लत करू नका. तिकडचं ॲसिटॅमिनोफेन म्हणजेच इथलं पॅरासिटामॉल. अमेरिकेतल्या मुलांच्या सिरपमध्ये ५ मिलीत १६० मिलिग्रॅम असतं, इथे १२०, १२५ किंवा २५० मिलिग्रॅमची सिरपं मिळतात. एकाचा चमचा दुसऱ्याच्या हिशेबाने दिला तर डोस चुकतो, आणि आईने एकातून, आजीने दुसऱ्यातून दिला तर दुप्पट होतो. एकच बाटली बाहेर ठेवा, दुसरी बॅगेत बंद.

टप्पा ४: खाऊ घालण्याचा मोह

नियम एकच: कढईतून, तव्यावरून किंवा पातेल्यातून थेट वाफाळतं ताटात येईल ते द्या. समोर तळलेला गरम वडा मुलाला चालेल, त्याच्यावरची पातळ हिरवी चटणी नको. पाणीपुरी, गोळा, उसाचा रस, गाडीवरची कापलेली फळं, बाहेरची लस्सी या खेपेला नकोच. केळं, संत्रं, आंबा अशी फळं घरी धुऊन, सोलून द्या.

एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष नसतं, ती म्हणजे रात्रीचा भात. ओट्यावर रात्रभर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो आणि विष तयार करतो. उलट्या करवणारं ते विष सकाळी फोडणी दिली तरी जात नाही. फोडणीचा भात करायचाच असेल तर रात्रीचा भात लवकर निववून फ्रीजमध्ये गेलेला हवा.

हात साबणाने धुवायचे: लंगोट बदलल्यावर, शी धुतल्यावर, भरवण्याआधी. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. घरात भांडी-पोळ्यांना येणाऱ्या ताईंनाही हे नीट समजावून सांगा, आणि त्यांचं पोट बिघडलं असेल तर भरपगारी सुट्टी द्या.

टप्पा ५: पहिली पातळ शी झाली की लगेच

आधी केमिस्टला फोन करायचा, मग बघू, असं नको. पहिल्या पातळ शीनंतरच ओआरएस सुरू करायचं.

१. हात धुवा. बाटलीत मोजून १ लिटर (छोट्या पाकिटाला २०० मिली), उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं पाणी घ्या.

२. सुमारे २१ ग्रॅमचं मोठं पाकीट असेल तर अख्खं १ लिटरमध्ये. सुमारे ४ ग्रॅमचं छोटं असेल तर अख्खं २०० मिलीमध्ये. किती पाण्यासाठी आहे ते पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचूनच पाकीट फोडा.

३. पूर्ण विरघळेपर्यंत हलवा. वरून साखर, मीठ, दूध, सरबत काही घालायचं नाही. कालवल्यावर उकळायचं नाही.

४. बाटलीवर वेळ लिहा. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

यातला दुसरा मुद्दा सगळ्यात जास्त चुकतो. आजी मोठं पाकीट आणून दाखवतात: कोपरा कापलेला, वर कपड्यांचा चिमटा लावलेला, आत निम्मी पावडर. "लागेल तसं पेल्यात दोन चमचे घालते," म्हणतात. पेल्यात पावडर जास्त पडली तर मिठाचं प्रमाण वाढतं आणि ते मुलाला घातक ठरू शकतं. कमी पडली तर ते नुसतं पाणीच झालं. एक लिटर वाया गेलं तरी चालेल, पाकीट एकदम अख्खंच वापरा. मूल लहान असेल तर छोटी पाकिटं आणून ठेवणं सगळ्यात सोयीचं.

किती द्यायचं? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, त्याहून मोठ्याला हवं तेवढं. हे मधल्या वेळच्या पाण्या-दुधाखेरीज.

पाकीट हाताशी नसेल तर ते येईपर्यंत १ लिटर पाण्यात ५ मिलीच्या मापाने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. 'सपाट' म्हणजे वरून सुरी फिरवून सपाट केलेला. शहाळं चवीला दिलंत तर ठीक, पण त्यात सोडियम फार कमी असतं. ते ओआरएसची जागा घेत नाही. ग्लुकोज पावडर, कोल्ड्रिंक, फळांचा रस तर नकोच.

तपासा: शेवटची लघवी कधी झाली? कागदावर तीन रकाने आखा: शी, उलटी, लघवी, आणि समोर वेळ. पहिल्याच दिवशी वजनही घ्या. घरच्या काट्यावर मोठ्या माणसाने मुलाला घेऊन उभं राहायचं, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. दुसऱ्या दिवशी वजन किती उतरलं हे डॉक्टरांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगून जातं.

टप्पा ६: उलट्या होत असतील तर

"पोटात काही ठरतच नाही" असं म्हणून इथे बरेच जण ओआरएस सोडून देतात. ठरत नाही, कारण तहानलेल्या मुलाने पेला एका दमात संपवलेला असतो. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग दर एक-दोन मिनिटांनी एकच चमचा, ५ मिली. मूल आणखी मागेल, रडेल, तरी चमचाच.

वाटतं की चमच्याने काय होणार. हिशेब करा: दर दोन मिनिटांना एक चमचा म्हणजे तासाला १५० मिली, चार तासांत ६००. पाणी कमी झालेल्या मुलाला चार तासांत दर किलो वजनामागे ७५ मिली ओआरएस द्यायचं असतं. दहा किलोच्या मुलाला ते ७५० मिली होतं. म्हणजे नुसत्या चमच्यानेच बरीचशी मजल मारता येते. उलटी थांबली की चमच्यांमधलं अंतर कमी करा. पाळ्या लावून घ्या, एक जण चार तास बसू शकत नाही.

टप्पा ७: जेवण चालू, औषधं बेतात

अंगावरचं दूध एकदाही बंद करायचं नाही. वरचं दूध नेहमीच्याच प्रमाणात, पाणी घालून पातळ करायचं नाही. चार तासांनी मूल जरा तरतरीत झालं की मऊ भात-वरण, मेतकूट-भात, दही-भात, पेज, केळं, खिचडी, जे त्याला आवडतं ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. पोटाला विश्रांती म्हणून उपाशी ठेवलं तर आतड्याचं अस्तर भरून यायला उशीर होतो. तिकडून आलेलं मूल वरण-भाताला नाक मुरडेल, मग टोस्ट द्या, साधा पास्ता द्या. ही हट्टाची वेळ नाही.

औषधांबद्दल मी कडक आहे. लोपेरामाइड, म्हणजे जुलाब 'बांधणारी' गोळी, लहान मुलाला द्यायची नाही. आतडं मंदावतं, घाण आतच राहते, पोट फुगू शकतं. ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोल ही अँटिबायोटिकची जोडगोळी केमिस्टकडून सांगून आणायची नाही. मुलांच्या जुलाबामागे बऱ्याचदा व्हायरस असतो, त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. शीतून रक्त येत असेल तेव्हा अँटिबायोटिक द्यायचं का, कुठलं, किती, हे डॉक्टरच ठरवतील. उलटीच्या औषधाचंही तेच. डॉक्टरांनी झिंक दिलं, साधारणपणे सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, तर सांगितलेले १४ दिवस पूर्ण करा. जुलाब थांबले की बाटली फ्रीजवर विसरली जाते.

टप्पा ८: घरी थांबायचं नाही, निघायचं

यातलं एकही दिसलं तर वाट बघू नका:

- सहा-आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले, तान्ह्याची टाळू आत गेलेली
- पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली बसते
- मूल सुस्त पडलंय, हाक मारली तरी नीट बघत नाही, पिऊ शकत नाही
- शीमध्ये रक्त, हिरवी उलटी, फुगलेलं किंवा सतत दुखणारं पोट, झटके
- तांदळाच्या धुवणासारखे एकामागून एक जुलाब
- ३९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंशही पुरे

१०८ ही मोफत रुग्णवाहिका आहे. परळचं वाडिया हे मुलांचंच रुग्णालय, सात रस्त्याजवळचं कस्तुरबा हे पालिकेचं संसर्गजन्य आजारांचं. पण पावसात परळजवळ हिंदमाताला पाणी भरलेलं असताना बोरिवलीहून परळला निघण्यात अर्थ नाही. सगळ्यात जवळ जे मुलांना बघतं तिथे जा, आणि वाटेत चमच्याने ओआरएस चालू ठेवा.

इशारा: जुलाब थांबले तरी सोसायटीच्या किंवा रिसॉर्टच्या तलावात दोन आठवडे पोहायला पाठवू नका. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी क्लोरिनच्या पाण्यातही टिकतो, आणि बाकीच्या मुलांना होतो.

टप्पा ९: परत गेल्यावर

विमान सुटलं म्हणजे प्रकरण संपलं असं धरू नका. टायफॉइड लागण झाल्यापासून सहा ते तीस दिवसांनी दिसू शकतो, हिपॅटायटिस ए पंधरा ते पन्नास दिवसांनी. जिआर्डिया या परजीवीचे जुलाब तर आठवड्या-दोन आठवड्यांनी सुरू होऊन रेंगाळतात: ढेकर, गॅस, घाण वासाची तेलकट शी, वजन उतरणं. मूल तेव्हा शाळेत रुजू झालेलं असतं आणि तिकडच्या डॉक्टरांना मुंबईचा विषय सुचतही नाही. म्हणून पहिल्या वाक्यात सांगायचं: "आम्ही भारतातून अमुक तारखेला परतलो." कुठली लस कधी घेतली तेही. लस घेतली म्हणून टायफॉइड होणारच नाही असं नाही, आणि पॅराटायफॉइड या टायफॉइडसारख्याच तापावर या लशी उपयोगी पडत नाहीत.

तीन दिवसांपेक्षा जास्त रेंगाळलेला ताप असेल तर जुलाब नसले तरी दाखवा. टायफॉइडमध्ये मुलाला बद्धकोष्ठही असू शकतं. ब्लड कल्चरचं, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचं, रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी घेतलं जावं असं स्वतःहून म्हणा. टायफॉइडसाठी करतात त्या नुसत्या विडाल या रक्तचाचणीवर विसंबू नका, ती दोन्ही बाजूंनी चुकते: आजार नसताना आहे म्हणते, असताना नाही म्हणते. दक्षिण आशियातला टायफॉइडचा जंतू बऱ्याच नेहमीच्या औषधांना दाद देत नाही, त्यामुळे कल्चरमध्ये जंतू सापडला तरच नेमकं कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. जुलाब दोन आठवड्यांपुढे गेले तर शीच्या तपासणीत जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम बघायला सांगा, हे नाव घेऊनच सांगा. आणि इथे रक्ताचे जुलाब झालेल्या मुलाचा चेहरा पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत पांढुरका पडला किंवा लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या, कारण काही जंतूंचा त्रास जुलाब थांबल्यावर मूत्रपिंडावर उतरतो.